टू-टोन पेजिंग: पाचातले दोन सेट गप्प का राहतात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. रबाळे एमआयडीसीत केमिकल प्लांट, ईआरटीच्या म्हणजे इमर्जन्सी रिस्पॉन्स टीमच्या माणसांकडे यूएचएफ हँडसेट (वॉकी-टॉकी), गच्चीवर एक रिपीटर, म्हणजे एका सेटचा सिग्नल पकडून सगळ्यांना परत पाठवणारा रेडिओ. त्याच चॅनलवर दिवसभर लोडिंगचं, गेटचं, मेंटेनन्सचं बोलणं चालतं म्हणून लोक आवाज बारीक करून ठेवतात आणि खरी इमर्जन्सी आली की कोणाचं लक्षच नसतं. म्हणून व्हेंडरने टू-टोन चालू करून दिलं, म्हणजे ठरलेल्या दोन शिट्ट्या आल्या तरच सेट वाजतो, एरवी गप्प. आता गेटवरून कॉल केला की पाचातले तीन सेट वाजतात, दोन गप्प, आणि गप्प राहणारे सेट दर वेळी वेगळे. मधे एकदा कोणीही कॉल न करता एक सेट आपोआप वाजला. व्हेंडर म्हणतो रेंजचा प्रॉब्लेम आहे, अँटेना उंच करा.

अँटेनाला अजून हात लावू नका. तुम्ही स्वतःच लिहिलंय की जो सेट वाजला नाही त्यावर मॉनिटर बटण (म्यूट बाजूला ठेवून स्पीकर उघडणारं) दाबलं की गेटवाल्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. मग सिग्नल येतोय. आणि गप्प राहणारा सेट रोज बदलतो ही तर सगळ्यात मोठी खूण आहे. रेंजचा दोष असता तर ठरावीक जागी असलेला माणूस सुटला असता, सेटच्या प्रोग्रॅमिंगचा असता तर तोच तो सेट सुटला असता. कधी हा कधी तो असं होतंय म्हणजे दोष वेळेचा आहे, पहिल्या टोनची सुरुवात कुठेतरी खाल्ली जातेय. हे नीट कळायला टू-टोन मुळात काय करतं ते बघावं लागेल, जरा लांबेल पण एकदा समजून घ्या, पुढे सगळं स्वतः करता येईल.

टू-टोनमध्ये दोन शिट्ट्या एकामागून एक जातात. आधी ए टोन साधारण १ सेकंद, लगेच बी टोन साधारण ३ सेकंद, मग माणसाचं बोलणं. सेट एरवी म्यूट असतो, म्हणजे रिसीव्हर चालू असतो, चॅनलवरचं सगळं आत येत असतं पण स्पीकर बंद. आतला डीकोडर सतत एवढंच बघतो की माझा ए टोन आला का, आला तर पुरेसा वेळ टिकला का, आणि तो संपल्या संपल्या माझा बी टोन आला का. तिन्ही जमलं की सेट अलर्टची बीप वाजवतो आणि स्पीकर उघडतो. क्रम उलटा झाला, एखादा टोन थोडा हलला, मधे जास्त गॅप पडला, तर तो गप्पच बसतो, आणि तसं बसणंच बरोबर आहे.

हे टोन आवाजाच्याच पट्ट्यात असतात, साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये, म्हणून कानाला ऐकू येतात. सीटीसीएसएस नावाचा ग्रुप ओळखायचा बारीक टोन त्याच्या खाली, ६७ हर्ट्झपासून साधारण २५० पर्यंत, आणि तो पूर्ण वेळ बोलण्याच्या खाली चालू राहतो. दोन्हींची कामं वेगळी आहेत. सीटीसीएसएस म्हणतो हा सिग्नल आपल्या ग्रुपचा आहे, टू-टोन म्हणतो हा कॉल तुझ्यासाठी आहे. दोन्ही एकत्र चालतात पण प्रॉब्लेमही बऱ्याचदा दोघांच्या मधेच होतो, त्यावर येतोच.

एवढा मोठा १ सेकंद आणि ३ सेकंद कशाला असं सगळे विचारतात, आजची चिप तर क्षणात ओळखेल. यामागे जुनं कारण आहे. ही पद्धत मोटोरोलाच्या क्विक कॉल टू नावाने पसरली, अमेरिकेत गावोगावच्या व्हॉलंटियर फायर ब्रिगेडने ती उचलली, त्यांच्या कमरेचा मिनिटर पेजर याच दोन टोनवर वाजतो. जुन्या पेजरमध्ये टोन ओळखायला चक्क धातूच्या कंप पावणाऱ्या पट्ट्या असायच्या, रीड म्हणायचे त्यांना, एका पट्टीची एकच फ्रिक्वेन्सी. योग्य टोन आला की पट्टी हळूहळू थरथरायला लागायची आणि पुरेशी थरथरली की काँटॅक्ट लागायचा. देवळातली जड घंटा एका धक्क्यात नीट वाजत नाही, लयीत झोका द्यावा लागतो, तसं. बोलण्यात तीच फ्रिक्वेन्सी क्षणभर येऊन गेली तरी पट्टी हलायची नाही, आणि तोच तिचा फायदा होता.

आता पट्ट्या गेल्या, डीएसपी म्हणजे सिग्नलवर गणित करणारी चिप आली, बऱ्याच ठिकाणी गॉर्ट्झेल नावाची गणिताची पद्धत वापरून एकाच फ्रिक्वेन्सीवर किती ताकद आहे ते मोजतात. पण निसर्गाचा नियम तोच राहिला. जितकं बारीक ओळखायचं तितका जास्त वेळ ऐकावं लागतं. २० हर्ट्झच्या फरकाने दोन टोन वेगळे सांगायचे तर किमान ५० मिलीसेकंद तरी ऐकलंच पाहिजे, आणि ते स्वच्छ सिग्नलवर. खरखर असेल, गाडीत असाल, मधे टाक्यांचं लोखंड असेल तर डीकोडर तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही, बऱ्याच वेळा सलग मोजून तोच टोन येतोय याची खात्री करतो. म्हणून ए टोन पूर्ण १ सेकंद दिला जातो, डीकोडरला त्यातला निदान अर्धा सेकंद मिळावा ही अपेक्षा असते.

आणि तुमच्याकडे तो अर्धा सेकंदच मिळत नाहीये. गेटवाला कॉलचं बटण दाबतो तेव्हा पुढे काय काय होतं बघा. गेटवरच्या बेस सेटचा ट्रान्समीटर उठतो. रिपीटर तो सिग्नल पकडतो पण लगेच पुढे पाठवत नाही, आधी सीटीसीएसएस बरोबर आहे का तपासतो, त्यात पाव सेकंद सहज जातो. मग रिपीटरचा स्वतःचा ट्रान्समीटर उठतो. इकडे माणसाच्या कमरेचा हँडसेट त्या वेळी झोपलेला असू शकतो, कारण बॅटरी सेव्ह चालू आहे. बॅटरी सेव्हमध्ये रिसीव्हर सतत चालू नसतो, थोडा वेळ जागा होऊन चॅनल बघतो, काही नसेल तर परत बंद. सॉफ्टवेअरमध्ये १:१, १:२, १:४ असे पर्याय दिसतात ते हेच, जेवढा आकडा मोठा तेवढी झोप लांब. सिग्नल नेमका झोपेत आला तर सेट पुढच्या फेरीला उठतो, मग त्याला स्वतःचा सीटीसीएसएस तपासायला परत पाव सेकंद, आणि मग कुठे टोन डीकोडरपर्यंत पोचतो. हे सगळं जोडलं तर कधी अर्धा सेकंद जातो कधी पाऊण, कधी त्याहून जास्त. १ सेकंदाचा ए टोन पोचेपर्यंत त्याचं शेपूट उरतं, बी टोन मात्र पूर्ण ३ सेकंद पोचतो, आणि डीकोडर म्हणतो मला ए मिळालाच नाही, हा कॉल माझा नाही. प्रत्येक सेट आपापल्या वेळी झोपतो उठतो म्हणून कधी हा सुटतो कधी तो.

म्हणून उपाय अँटेनात नाही, प्री-टाइममध्ये आहे. पीटीटी (बोलायचं बटण) लागल्यावर, म्हणजे ट्रान्समीटर चालू झाल्यावर, ए टोन सुरू होण्याआधी जी शांत वाट बघायची ती वेळ. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये याला प्री-टाइम, टीएक्स डिले, फर्स्ट टोन डिले अशी नावं आहेत. तुमच्याकडे ती बहुतेक शून्य किंवा पाव सेकंद असेल. मधे रिपीटर असेल तर किमान १ सेकंद ठेवा, बॅटरी सेव्ह चालू ठेवायचंच असेल तर दीड सेकंद. सॉफ्टवेअर तेवढा डिले देत नसेल तर ए टोनच २ सेकंदांचा करा, बहुतेक डीकोडर जास्त लांब ए टोन मुकाट्याने घेतात. ईआरटीच्या सेटमध्ये मात्र मी बॅटरी सेव्ह बंदच करायला सांगेन, शिफ्टला दुसरी बॅटरी चार्जरवर ठेवा, त्याचा खर्च काहीच नाही.

स्कॅनचंही तेच, म्हणजे सेट आळीपाळीने बरेच चॅनल ऐकत फिरतो ते. ईआरटीवाल्याच्या सेटवर मेंटेनन्सचा चॅनल पण स्कॅनमध्ये टाकलेला असतो, त्याला सगळं ऐकायचं असतं ना. पण सेट दुसऱ्या चॅनलवर कोणाचं बोलणं ऐकत थांबला असेल तर तेवढा वेळ इमर्जन्सी चॅनलवर तो बहिराच आहे, पूर्ण पेज निघून जातं. ड्युअल वॉचलाही, म्हणजे दोन चॅनलवर एकदम लक्ष ठेवण्यालाही, हेच लागू. प्रायॉरिटी स्कॅनने थोडं सुधारतं पण ए टोनचा तुकडा पडतोच. ज्याला पेज यायला हवं त्या सेटवर स्कॅन नको, यावर मी तडजोड करत नाही.

हे माझ्या शब्दावर मानू नका, मोजून बघा. महाग मशीन लागत नाही. महापेच्या एका प्लांटमध्ये असंच प्रकरण होतं, तिथे आम्ही एका हँडसेटचं फक्त टू-टोन बंद केलं म्हणजे चॅनलवर आलेलं स्पीकरवर ऐकू येईल, बॅटरी सेव्ह आणि सीटीसीएसएस तसंच ठेवलं, आणि त्याच्या शेजारी साधा मोबाइल रेकॉर्डिंगला लावून पंप हाऊसमध्ये ठेवला. गेटवरून दहा-बारा वेळा पेज करायला सांगितलं. ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वेळी कोणती फ्रिक्वेन्सी आहे ते दाखवणारं चित्र) लावला की दोन आडव्या रेघा स्पष्ट दिसतात, एक छोटी एक लांब, आणि रेघेची लांबी माउसने सिलेक्ट करून सेकंदात वाचता येते. बी टोन प्रत्येक वेळी जवळपास ३ सेकंद, अगदी एकसारखा. ए टोन एकदा पाऊण सेकंद, एकदा अर्धा, एकदा तर नुसता ठिपका. सेफ्टी ऑफिसर शेजारीच बसले होते, त्यांना काही समजवावंच लागलं नाही. प्री-टाइम वाढवून परत रेकॉर्ड केलं तर सगळ्या छोट्या रेघा सारख्या आल्या. हे तुम्ही एका दुपारी करू शकता आणि व्हेंडरसमोर ठेवायला ठोस पुरावाही मिळतो.

आता फ्रिक्वेन्सीचं. मोटोरोलाच्या तक्त्यात टोनचे ग्रुप आहेत आणि बाकीच्या कंपन्यांचे सेटही बहुधा तेच आकडे घेतात. पहिला ग्रुप ३३०.५, ३४९.०, ३६८.५, ३८९.०, ४१०.८, ४३३.७, ४५७.९, ४८३.५, ५१०.५, ५३९.० हर्ट्झ. दुसरा ५६९.१, ६००.९, ६३४.५, ६६९.९, ७०७.३, ७४६.८, ७८८.५, ८३२.५, ८७९.०, ९२८.१. नीट बघितलं तर शेजारच्या दोन टोनमध्ये साधारण साडेपाच टक्क्यांचं अंतर आहे. डीकोडर साधारण एक-दीड टक्का इकडेतिकडे चालवून घेतो, म्हणजे भरपूर मोकळी जागा राहते. तिसऱ्या ग्रुपमध्ये मात्र ९५३.७, ९७९.९, १००६.९ असे टोन आहेत, अंतर जेमतेम पावणेतीन टक्के, आणि त्याच ग्रुपमध्ये २८८.५, २९६.५, ३०४.७, ३१३.० असे खालचे टोनही आहेत. हा ग्रुप मी टाळतो. एक तर स्वस्त सेटचे डीकोडर ढिले असतात, जवळचा टोन आपला समजून वाजतात. दुसरं म्हणजे सीटीसीएसएस स्पीकरमध्ये घुमू नये म्हणून सेट आणि रिपीटर ३०० हर्ट्झच्या खालचं गाळून टाकतात, त्या गाळणीत २८८.५ चा टोन अर्धमेला होतो. मधले घ्या, ४०० ते ९०० मध्ये भरपूर आहेत.

किती कोड बनतात? १० टोन घेतले आणि एका कोडमध्ये ए आणि बी तोच टोन ठेवला नाही तर ९० जोड्या, कारण क्रम मोजला जातो, ४१०.८ मग ६००.९ हा एक कोड आणि उलट केला की दुसरा. प्लांटला पुरून उरतात. पण कोड नुसते क्रमाने वाटत सुटू नका, आधी कागदावर प्लॅन करा. माझी पद्धत अशी की बी टोन टीमचा आणि ए टोन माणसाचा. समजा फायर टीमच्या सगळ्यांचा बी ७०७.३, फर्स्ट एडवाल्यांचा बी ८३२.५, आणि ए प्रत्येकाचा वेगळा. याचा फायदा ग्रुप कॉलला होतो. टू-टोनमध्ये ग्रुप कॉल म्हणजे एकच लांब टोन, साधारण ८ सेकंद, ए नाहीच. डीकोडर बघतो की माझा बी टोन नेहमीपेक्षा फारच लांब चाललाय म्हणजे हा सगळ्यांसाठी आहे. बी टोन टीमचा ठेवला की ७०७.३ एकटा ८ सेकंद दिला की अख्खी फायर टीम वाजते, फर्स्ट एडवाले गप्प. फक्त काही सॉफ्टवेअरमध्ये ग्रुप कॉल वेगळा चालू करावा लागतो, आणि ग्रुप किती सेकंदांनी ओळखायचा तो आकडा कॉल करणाऱ्या सेटच्या आकड्याशी जुळायला हवा, पाठवणारा ६ सेकंद देतोय आणि ऐकणारा ८ ची वाट बघतोय असं पुष्कळदा सापडतं.

आवाजाची पातळी हा दुसरा विषय, इथे व्हेंडर फार घाई करतात. टोन जोरात दिला की लांब जाईल असं वाटतं, होतं उलट. साडेबारा किलोहर्ट्झच्या नॅरो चॅनलवर एकूण डेव्हिएशनची (आवाजाने फ्रिक्वेन्सी किती हलते त्याची) मर्यादा अडीच किलोहर्ट्झ, २५ च्या वाइड चॅनलवर ५. टोन त्याच्या साधारण साठ टक्क्यांवर ठेवा, म्हणजे नॅरोवर दीड आणि वाइडवर तीनच्या आसपास. त्याच्या वर गेलात की सेटमधला लिमिटर, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊ न देणारा भाग, टोनची डोकी कापतो, विद्रूप झालेल्या टोनमधून दुसऱ्याच फ्रिक्वेन्सी निघतात आणि डीकोडरला मूळ टोन कमकुवत दिसतो. ए आणि बी दोन्हींची पातळी सारखी हवी. हँडसेट किंवा बेस स्वतः टोन बनवत असेल तर सहसा हे सांभाळलेलं असतं. कंट्रोल रूममध्ये वेगळा एन्कोडर (टोन बनवणारा) बॉक्स लावून वायर बेसच्या मागच्या कनेक्टरला दिली असेल तर नक्की तपासा की ती माइकच्या वाटेने जातेय की फ्लॅट ऑडिओ पिनवर. एफएममध्ये पाठवताना उंच फ्रिक्वेन्सी चढवतात आणि ऐकताना तेवढ्याच उतरवतात, ऑक्टेव्हला म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की ६ डीबी. माइकच्या वाटेने गेलं तर चढ-उतार जुळतात. फ्लॅट पिनवर दिलं तर चढवणं होत नाही, उतरवणं मात्र होतं, मग ४०० चा टोन दणदणीत आणि ९०० चा त्याच्याहून ७ डीबीने खाली. मग अमुक कोडची माणसं कायम सुटतात आणि कोणाला कारण सापडत नाही.

मोबाइलवर टोन वाजवून फोन माइकसमोर धरायचा प्रकारही करतात काही जण. टेस्टला एखाद वेळ चालतो. त्यावर प्लांट चालवू नका. माइकमधला नॉइज कमी करणारा भाग सलग शिट्टीला गोंगाट समजून दाबतो, शिवाय गेटवरच्या ट्रकचे हॉर्न त्यात मिसळतात. बेसवर पेज जाताना माइक म्यूट होतो का तेही बघून घ्या, काही सेटमध्ये होत नाही आणि मागचं बोलणं टोनमध्ये घुसतं.

तुमचा जो सेट आपोआप वाजला त्याचं कारण तीनपैकी एक असणार. पहिलं, पाठोपाठ पेज. गेटवाल्याने घाईत दोन माणसांना लागोपाठ कॉल केला, पहिल्याचा बी आणि दुसऱ्याचा ए एकमेकांना चिकटले आणि नेमकी ती जोडी तिसऱ्या कोणाचा कोड असेल तर तो वाजला. ए फक्त १ सेकंद असतो खरा, पण बरेच डीकोडर बी पूर्ण ३ सेकंद संपायची वाट बघत नाहीत, अर्ध्या सेकंदात समाधानी होतात. ए साठी एक टोनसंच आणि बी साठी पूर्ण वेगळा संच ठेवला तर हे घडूच शकत नाही, कारण बी चा टोन कोणाच्या ए मध्ये नसतोच. वर सांगितलेल्या प्लॅनचा हा दुसरा फायदा. दुसरं कारण, प्लांटमधले आवाज. इलेक्ट्रॉनिक हूटर, फोर्कलिफ्टचा रिव्हर्सचा बीपर हे सगळे ठरावीक फ्रिक्वेन्सीचे सलग टोन आहेत, कोणी त्यांच्या शेजारी उभं राहून पीटीटी दाबलं की ते सरळ चॅनलवर जातात. हूटर जर आळीपाळीने दोन स्वर देणारा असेल तर तो जवळपास टू-टोनच झाला. तुमच्या हूटरचं रेकॉर्डिंग करून त्याच स्पेक्ट्रोग्राममध्ये फ्रिक्वेन्सी बघा आणि ते आकडे सोडून टोन निवडा. तिसरं, शेजारच्या कंपनीचा कोणी तुमच्या फ्रिक्वेन्सीवर. ठाणे-बेलापूर पट्ट्यात सेटची गर्दी आहे, आणि सेटमध्ये स्क्वेल्च (सिग्नल आत घ्यायचा की नाही ठरवणारी सेटिंग) फक्त कॅरिअरवर ठेवला असेल, म्हणजे सीटीसीएसएस न बघता कोणताही सिग्नल चालत असेल, तर दुसऱ्याचं पेज तुमच्या डीकोडरपर्यंत जातं.

त्यावरून सेटिंगमधला एक पर्याय, जो चुकीचा ठेवलेला मला सर्रास दिसतो. ऑप्शनल सिग्नलिंगच्या खाली अँड आणि ऑर असं विचारतात. अँड म्हणजे सीटीसीएसएस बरोबर आणि टू-टोनही बरोबर, तेव्हाच स्पीकर उघडेल. ऑर म्हणजे दोघांपैकी एक पुरे. ऑर ठेवलं की रिपीटरवरचं सगळं बोलणं पहिल्यासारखंच ऐकू येतं आणि मग लोक परत आवाज बारीक करतात, टू-टोनचा सगळा हेतूच गेला. ईआरटीच्या चॅनलला अँड ठेवा. आणि स्पीकर उघडल्यावर परत म्यूट कधी होणार तो ऑटो रिसेटचा वेळ ५ सेकंद वगैरे ठेवू नका, बोलणाऱ्याने श्वास घ्यायला थांबलं की सेट बंद होतो. मी मिनिटभर तरी ठेवतो.

बोलण्याची पद्धतही गेटवाल्याला शिकवावी लागते. टोन संपल्याबरोबर तो बोलायला लागतो, पण तिकडे सेट त्याच वेळी अलर्टची बीप वाजवत असतो, पहिले तीन-चार शब्द बीपखाली जातात. टोन संपल्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं, मग आधी जागा सांगायची, नंतर काय झालंय ते, आणि सगळं दोनदा. "ऑल ईआरटी, टँक फार्म पंप हाऊस, सॉल्व्हंट लीक, टँक फार्म पंप हाऊस." आणि कितीही प्री-टाइम दिला तरी पेज दोनदा पाठवा. टू-टोनमध्ये काही साठत नाही, माणूस त्या क्षणी बेसमेंटच्या पंप रूममध्ये असेल तर कॉल गेला तो गेला, वर आल्यावर सेट काही सांगणार नाही.

सगळ्यात जास्त मला हेच सांगायचंय. टू-टोन एकतर्फी आहे. कोणाचा सेट वाजला, कोणाचा नाही, कोणाची बॅटरी संपलेली होती, हे कंट्रोल रूमला कळायचा काही मार्ग नाही. गेटवाल्याला वाटतं आपण सगळ्यांना बोलावलं. म्हणून पेजनंतर रोल कॉल असायलाच पाहिजे, प्रत्येकाने आपला नंबर बोलून "आलो" म्हणायचं, मिनिटभरात ज्याचा आला नाही त्याला फोन किंवा माणूस पाठवायचा. आणि दर शिफ्टच्या सुरुवातीला टेस्ट पेज, एकदा एकेकाचं आणि एकदा ग्रुपचं. अमेरिकेतल्या कितीतरी फायर ब्रिगेड रोज ठरलेल्या वेळी टेस्ट टोन वाजवतात, त्याचं कारण हेच. महिन्यातून एकदा मॉक ड्रिलमध्ये करून भागत नाही, सेटवरचं नॉब कोणीतरी फिरवतो, चॅनल बदललेला राहतो, ते त्याच दिवशी कळायला हवं.

डिजिटल घ्यावं का असं तुम्ही शेवटी विचारलंय. डीएमआर या डिजिटल वॉकी-टॉकीच्या पद्धतीत प्रत्येक सेटला आयडी असतो, कॉल अलर्ट पाठवला की पोचल्याची पोच परत येते, जो पोचला नाही तो स्क्रीनवर दिसतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी नवीन प्लांटला डिजिटलच सुचवतो. पण डिजिटल चॅनलवर टू-टोन चालवायचा प्रयत्न करू नका, तिथला व्होकोडर, म्हणजे आवाज आकड्यांत बदलणारा भाग, माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला आहे, टोन त्यातून जसाच्या तसा बाहेर येईल याचा भरवसा नसतो. टू-टोन ॲनालॉग चॅनलवरच. सगळे सेट एकदम बदलणं परवडत नसेल तर आहे ते वर सांगितल्याप्रमाणे नीट करा, चांगलं चालतं.

दोन गोष्टी सेफ्टी ऑफिसर म्हणून तुमच्या टेबलावरच्या आहेत. टँक फार्ममध्ये जाणारे सेट इन्ट्रिन्सिकली सेफ (ठिणगीने वायू पेटणार नाही असे प्रमाणित) असतील तर प्रोग्रॅमिंग केबलने सेटिंग बदलायला हरकत नाही, मात्र ते झोनच्या म्हणजे ज्वलनशील वायूचा धोका असलेल्या भागाच्या बाहेर नेऊन करायचं, आणि कोणी सेट उघडून आत डीकोडरचा बोर्ड बसवून देतो म्हणाला तर देऊ नका, त्याचं सर्टिफिकेशन तिथेच संपतं. बॅटरीही झोनमध्ये बदलायची नाही, शिफ्टची दुसरी बॅटरी म्हटलं ना, ती कंट्रोल रूममध्येच बदला. आणि रिपीटर डब्ल्यूपीसीच्या (रेडिओ फ्रिक्वेन्सीचं लायसन्स देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाच्या) लायसन्समध्ये दाखवलेला आहे का तो कागद काढून बघा. २०१८ मध्ये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी पॉवरच्या सेटसाठी लायसन्समुक्त झाला, ते दाखवून काही विक्रेते काहीही गळ्यात मारतात. त्या पट्ट्याच्या जोरावर गच्चीवर रिपीटर लावता येत नाही.

आता क्रमाने करा. आधी जसं आहे तसंच ते मोबाइलचं रेकॉर्डिंग, मग प्री-टाइम दीड सेकंद, मग परत रेकॉर्डिंग. बॅटरी सेव्ह, स्कॅन आणि अँड-ऑर त्याच्या नंतर. सगळं एकदम बदललं तर कशाने सुधारलं ते कळणार नाही. हे करूनही एखादा सेट गप्प राहिला तर मला दोन्ही रेकॉर्डिंगमधली ए टोनची लांबी, त्या सेटचं मॉडेल आणि त्याच्या टू-टोन पानाचा स्क्रीनशॉट द्या, आणि तो माणूस त्या वेळी प्लांटमध्ये कुठे उभा होता तेही लिहा.